एकोणिसावं पान

कारखान्यात तिला सगळेच ताई म्हणत. मालक तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत. खऱ्या नात्याने तिला ताई म्हणणारं माणूस तिथे एकच होतं, आणि ते नोकरीला लागून जेमतेम सात महिने झाले होते. ती तिची धाकटी बहीण, चिमी.

कारखाना अंडी उबवायची यंत्रं बनवायचा. कपाटाएवढी पेटी, आत ट्रे, हीटर, पंखा, पाण्याचं पसरट भांडं, आणि दाराशेजारी नखाएवढी चिप बसवलेला एक हिरवा बोर्ड. यंत्राचं डोकं म्हणजे ती चिप, आणि त्या डोक्यात काय भरायचं ते अकरा वर्षं ताई ठरवत आली होती. विसाव्या वर्षी ती तिथे सोल्डरिंगला लागली. पुढे कधीतरी आधीचा प्रोग्रामर एक दिवस कामावर आला नाही तो आलाच नाही, तेव्हा त्याच्या खणात सापडलेलं पुस्तक उघडून ती त्याच्या खुर्चीत बसली. कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत, दोन-तीन चिपा जाळत तिने अख्खा प्रोग्राम लिहिला आणि तो चालला. अकरा वर्षं चालला.

त्या प्रोग्रामच्या सुरुवातीलाच एकशे त्रेचाळीस व्हेरिएबल, म्हणजे एकेक आकडा ठेवायच्या नाव दिलेल्या जागा, ओळीने मांडलेले होते. सगळेच्या सगळे ग्लोबल. म्हणजे प्रोग्राममध्ये एकेक काम करणाऱ्या कुठल्याही फंक्शनने यावं, कुठलाही आकडा बघावा, वाटलं तर बदलावा आणि निघून जावं. 'टेम्प'मध्ये तापमान असायचं. 'टेम्प टू'मध्ये तापमान नसायचं, तात्पुरतं काहीतरी असायचं. 'टेम्प थ्री'ला हात लावायचा नाही एवढं पक्कं होतं, पण का लावायचा नाही ते आता ताईलाही आठवत नव्हतं. मात्र कुठलं यंत्र कुठे अडलंय ते ती फोनवर दोन प्रश्न विचारून सांगायची, आणि तिचं सांगणं चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मग मालकांनी दोन कप्प्यांचं यंत्र काढायचं ठरवलं. दोन्ही कप्प्यांचं तापमान वेगळं, ट्रे वेगळे, आणि चिप एकच. ताईने तीन आठवडे डोकं आपटलं. प्रत्येक व्हेरिएबलच्या दोन-दोन प्रती केल्या, तरी डाव्या कप्प्याचं तापमान वाढवलं की उजव्याचा हीटर लागायचा. एक जागा दुरुस्त करावी तर दुसरीकडे भलतंच व्हायचं. शेवटी तीच मालकांना म्हणाली होती, "माझी बहीण नुकतीच शिकून बाहेर पडलीय. हुशार आहे. बोलावू का?"

हे ती नंतर कितीतरी वेळा स्वतःला ऐकवायची. मीच आणली. हाताला धरून मीच आणली.

चिमीने आठवडाभर तो प्रोग्राम वाचला आणि मग सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. सगळे म्हणजे मालक, तपासणीच्या टेबलावरचा मीटरवाला, आणि ताई.

"हे असं झालंय," ती म्हणाली, "की घरात पाच माणसं आहेत आणि पाटी एकच. ती स्वयंपाकघरात टांगलीय. कुणी दुधाचा हिशेब लिहितंय, कुणी फोन नंबर, आणि ज्याला जागा लागेल तो दुसऱ्याचं पुसतोय. आपण काय करू या? ज्याचं काम त्याच्यापाशी त्याचा कागद. काम झालं की कागद टाकून द्यायचा. ते लोकल व्हेरिएबल. फंक्शन सुरू झालं की जन्माला येतात, संपलं की जातात. दुसऱ्याला दिसतही नाहीत, मग पुसणार कोण? आणि जे लक्षात ठेवायलाच हवं, ते प्रत्येक कप्प्याच्या नावाने एका ठिकाणी नीट बांधून ठेवायचं."

मालक हसले. "अहो ताई, इतकं सोपं असतं होय हे? अकरा वर्षांत तुम्ही कधी बोलला नाहीत!"

ते सहज बोलले, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण ताईला कुणी भर टेबलावर तोंडात मारावी तसं झालं. अकरा वर्षांत त्यांनी कधी विचारलं होतं? यंत्र चालतंय ना, एवढंच तर ते विचारायचे.

त्या दिवसापासून तिच्या पोटात दुखायला लागलं. मीटरवाला चिमीला 'मॅडम' म्हणायला लागला तेव्हा दुखलं. मालकांनी चिमीसाठी खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं तेव्हा दुखलं. घरी आई म्हणाली, "चिमीला भांडी घासायला लावू नकोस गं, दिवसभर डोकं चालवून येते बिचारी," तेव्हा तर ताईच्या हातातला पेला जोरात आपटला. आपण दिवसभर काय पाय चालवून येतो का? वडील गेले तेव्हा चिमी नऊ वर्षांची होती आणि ताई एकोणीस. एकीचं शिक्षण सुटलं, एकीचं झालं. याबद्दल ताईला कधी वाईट वाटलं नव्हतं, उलट चार लोकांत ती छाती पुढे काढून सांगायची. वाईट आता वाटत होतं. तेही असं, की चिमीने डबा उघडताना गुणगुणलेलंसुद्धा तिला सहन होत नव्हतं.

सगळ्यात वाईट म्हणजे चिमी वाईट वागत नव्हती. उठता-बसता "ताई, हे बघ ना," "ताई, तुझ्याकडे हे कसं होतं?" चालायचं. ती जरा तोऱ्यात वागली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

नवा प्रोग्राम पुरा झाला तेव्हा चिमीने तो छापून काढला. सत्तावीस पानं. ती पानं ताईच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "तू वाचल्याशिवाय मी हे चिपमध्ये घालणार नाही. लाल पेन घे आणि दया दाखवू नकोस."

ताईने खरंच लाल पेन घेतलं. दुपारचं जेवण आटोपून ती वाचायला बसली ती चूक काढायचीच म्हणून. पहिलं पान, दुसरं, पाचवं. काही सापडेना. व्हेरिएबलांची नावं अशी होती की वाचताच कळावं. प्रत्येक फंक्शन आपल्यापुरतं काम करत होतं आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर ग्लोबल राहिले होते फक्त सहा, आणि सहाच्या सहा का ठेवलेत ते शेजारी लिहिलं होतं. दहाव्या पानापर्यंत ताईचा राग उतरून त्या जागी निराळंच काही आलं. तिला ते सुंदर वाटायला लागलं. आणि आपल्याला हे असं कधीच लिहिता आलं नसतं हेही कळलं. त्याने जे झालं ते पोटात दुखण्याच्या पलीकडचं होतं.

एकोणिसाव्या पानावर तिला चूक सापडली.

फंक्शन ट्रे फिरवायचं होतं. अंडी एकाच अंगावर ठेवून चालत नाहीत. आतला जीव कवचाच्या बाजूला चिकटून बसतो आणि मरतो. म्हणून दर तासाला ट्रे एकदा डावीकडे कलवायचा, एकदा उजवीकडे. मागच्या वेळी कुठे कलवला होता ते लक्षात राहिलं तरच पुढच्या वेळी उलट कलवता येणार. ताईच्या प्रोग्राममध्ये ते 'बाजू' नावाच्या ग्लोबलमध्ये असायचं. चिमीने बाकी सगळं कप्प्याच्या नावाने बांधून ठेवलं होतं, 'बाजू' तेवढी फंक्शनच्या आत लोकल राहून गेली होती. म्हणजे दर तासाला ती नव्याने जन्माला येणार, 'आपण डावीकडे आहोत' असं समजणार, ट्रेला 'उजवीकडे हो' सांगणार आणि मरून जाणार. पहिल्या तासाला ट्रे उजवीकडे जाईल. मग दर तासाला तोच हुकूम, उजवीकडे हो. ट्रे तिथेच आहे म्हटल्यावर मोटर हलणारसुद्धा नाही.

ताईला आतून उकळ्या फुटल्या. सापडली! ती उठणारच होती. चिमीच्या टेबलापर्यंत दहा पावलं. पण काय होणार तेही तिला दिसत होतं. चिमी कपाळावर हात मारून घेणार, "अगं बाई, कशी राहिली!" म्हणणार, एका मिनिटात ओळ बदलणार, आणि यंत्र निर्दोष होऊन चिमीच्याच नावाने जाणार. त्यापेक्षा उद्या तपासणीत सापडू दे. मीटरवाल्यासमोर, मालकांसमोर. मग मी म्हणेन, म्हणूनच मी 'बाजू' ग्लोबल ठेवली होती.

तिने शेवटच्या पानावर लाल पेनाने लिहिलं, "वाचलं. ठीक आहे." आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मीटरवाल्याने चाचणीचं बटण दाबलं. ट्रे उजवीकडे गेला, डावीकडे गेला, कारण ते बटण थेट मोटरलाच हुकूम देतं. मग त्याने तासभर वाट पाहिली. बरोबर तासाने ट्रे आपोआप उजवीकडे कलला. "फिरला, पास," असं म्हणून त्याने शिक्का मारला. दुसरा तास कोण थांबतं?

ताई तिथेच उभी होती. तोंड उघडायची तीच वेळ होती. पण नेमके तेव्हा मालक टाळ्या वाजवत आले. "चिमीबाई, मानलं तुम्हाला!" ताईने तोंड मिटलं ते मिटलंच. सोमवारी यंत्र टेम्पोत चढलं. आता बोलावं तर आधी का नाही बोललीस, हा प्रश्न येणार होता, आणि दर दिवसाला तो प्रश्न मोठा होत होता.

यंत्र गेलं होतं बदकवाल्या मावशींकडे. त्या गावाबाहेर तळ्याकाठी बदकं पाळायच्या. ताईचं आधीचं यंत्र त्यांच्याकडे नऊ वर्षं होतं आणि दोघींची ओळख फोनवरच वाढत गेली होती. शुक्रवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"ताई, अंडी परवाच लावली. दोन्ही कप्पे भरून, चारशे ऐंशी. बहिणीने काय यंत्र केलंय हो तुमच्या! जुनं दर तासाला कुरकुरायचं, माझी झोपमोड व्हायची. हे इतकं शांत, की आत काही चाललंय असं वाटतच नाही."

ताईने विचारलं, "ट्रे फिरतोय ना?"

"फिरत असणारच की. पडद्यावर आकडा वाढतोय. आता एक्कावन्न झालेत."

आकडा वाढणारच होता. फंक्शन किती वेळा चाललं तेवढंच तो मोजत होता. ट्रे हलला की नाही, ते त्याला कुठून कळणार?

"बहिणीला सांगा हं," मावशी म्हणाल्या, "तिचा हात गुणाचा आहे."

दुसरं काहीही बोलल्या असत्या तर ताईने सांगून टाकलं असतं. ती नंतर पुष्कळदा असं म्हणायची, आणि पुढे म्हणायची, "पण ते खरं नाही. तरीही सांगितलं नसतं." ती "बरं, सांगते" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शनिवार गेला. रविवारी सकाळी चिमी घरी पायावर पाय टाकून बसली होती. आई तिच्या केसांना तेल लावत होती. ताई कपडे वाळत घालत होती, आणि तिच्या डोक्यात तासांचा हिशेब चालला होता. पंच्याण्णव. शहाण्णव. तिने हातातली चादर बादलीत टाकली, चपला पायात सरकवल्या आणि "येते" एवढंच म्हणून बाहेर पडली. दोन बस बदलून आणि पुढे पाऊण तास चालून ती तळ्याकाठी पोचली.

मावशींना तिने प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. बारीकशी, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली बाई बादली घेऊन समोर आली.

"मी ताई. कारखान्यातली."

"अगं बाई! न कळवता? आधी चहा…"

"चहा नको. ट्रे फिरत नाहीये. बुधवारपासून फिरलेला नाही. मला माहीत होतं."

शेवटचं वाक्य मावशींच्या लक्षात लगेच आलं नाही. ट्रे फिरत नाही एवढंच ऐकून त्या आत धावल्या. दोघींनी दार उघडून दोन्ही कप्प्यांतले ट्रे हाताने कलवले. मग खोलीत अंधार करून एकेक अंडं दिव्यापुढे धरलं. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. मेलेल्यात नुसतं लाल कडं. मेलेली अंडी मावशी डावीकडे ठेवत होत्या. एकशे सोळा झाली.

शेवटचं अंडं ठेवल्यावर मावशींनी पदराला हात पुसले. "माहीत होतं म्हणालात मघाशी?"

"हो."

"शुक्रवारी मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हाही."

मावशी ओरडल्या नाहीत. "तुमच्या आवाजावर विश्वास होता हो माझा," एवढंच म्हणाल्या, आणि मेलेली अंडी बादलीत भरून बाहेर गेल्या.

संध्याकाळी ताईने चिमीला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. पान एकोणीस, ओळ कुठली, 'बाजू' कशी लोकल राहिली, कधी दिसलं, फोनवर काय बोलणं झालं. चिमीचा चेहरा आधी चुकीच्या नुसत्या उल्लेखाने पडला. मग पुढचं ऐकलं तसा तो दगडासारखा झाला.

"मी तुला दया दाखवू नकोस म्हटलं होतं," ती म्हणाली. "तू तर बोललीसच नाहीस."

"मला तुझा हेवा वाटत होता."

"माझा? माझा कसला हेवा?" चिमीचा आवाज फाटला. "ताई, तुझं बघून मी शिकले ना!"

ते ऐकून ताईला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपलं बघून शिकलेली आपल्या पुढे गेली, हाच तर सल होता.

सोमवारी चिमीने ओळ दुरुस्त केली, नवी चिप भरली आणि मालकांपुढे जाऊन सांगितलं की चूक माझी. ताई पाठोपाठ आत गेली. "चूक तिची, पण ती मला दिसली होती. मी मुद्दाम बोलले नाही."

मालकांनी चष्मा काढला आणि चक्क हसले. "ताई, ताई! बहिणीचं अंगावर घ्यायला निघालात? मन मोठं आहे तुमचं, हे मी पहिल्यापासून म्हणतो."

सात महिने ज्या कौतुकासाठी जीव जळत होता ते हे असं समोर आलं. चिमी खाली मान घालून उभी होती. ताईने तिथून नुसतं निघून यायचं, बस. तेवढ्याने ती मोठ्या मनाची ठरली असती.

तिने सत्तावीस पानं टेबलावर ठेवली. एकोणिसावं पान काढलं, बोट ठेवून 'बाजू' कुठे जन्मते आणि कुठे मरते ते मालकांना समजेल असं सांगितलं. मग शेवटचं पान काढून आपली सही दाखवली. "हे लिहिताना मला ट्रे फिरणार नाही हे माहीत होतं. मी मोठ्या मनाची नाही. माझं पोट दुखत होतं."

मालकांचं हसू विरलं. त्यांनी चष्मा पुन्हा घातला, सहीचं पान स्वतः वाचलं. मग म्हणाले, "यापुढे प्रोग्राम तपासायचं काम तुमच्याकडे नको."

"नको," ताई म्हणाली. "एक विचारते. मावशींची ही खेप पुरी होईपर्यंत मी तिकडे जाऊन थांबू?"

मावशींनी तिला नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी तिने नवी चिप यंत्रात बसवली. मग ती रोज पहाटेच्या बसने जायची, दर तासाला ट्रे कलतोय की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून वहीत लिहायची, उरलेल्या वेळात बदकांचं पाणी भरायची. दहाव्या दिवशी मावशींनी न विचारता तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. अठ्ठाविसाव्या दिवशी कवचं तडकायला लागली. चारशे ऐंशीपैकी दोनशे सत्त्याण्णव पिल्लं निघाली. ओली, पिवळी, पाय फाकवून उभी राहायचा प्रयत्न करणारी. काही अंडी तडकलीच नाहीत. मावशींनी ती उघडून पाहिली नाहीत, ताईने पाहिली.

हे सगळे दिवस चिमी घरी तिच्याशी कामापुरतं बोलत होती. मीठ दे, दार लाव, आईची गोळी दिलीस का. खेप संपून ताई कारखान्यात परतली, तर तिथे तेही नाही. ताई आपल्या जागी बसून जुन्या यंत्रांचे फोन घ्यायची आणि खिडकीजवळच्या टेबलाकडे बघायचं टाळायची.

पिल्लं निघाल्यावर सहा दिवसांनी चिमी तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात ताईचा जुना प्रोग्राम होता.

"इथे मोटर थांबल्यावर तू चाळीस मिलिसेकंद नुसती थांबतेस, मगच तापमान वाचतेस. मी ते काढलं, तर मधूनच आकडा उडतो. का?"

ताईने वर पाहिलं. "मोटरचा रिले सुटताना ठिणगी पडते. त्या झटक्याने सेन्सर खोटं बोलतो. तो शांत होईपर्यंत थांबायचं. मला कळायला दोन महिने लागले होते."

"हे कुठे लिहिलेलं नाहीस."

"कुणी विचारलं नाही."

"मी विचारतेय ना." चिमीने खुर्ची ओढली. बसली मात्र जरा लांब. "आणखी काय काय लिहिलेलं नाहीस? सांग सगळं."

ताई सांगत गेली. पंखा आधी का लावायचा, पाण्याचं भांडं भरताना हीटर का बंद ठेवायचा, 'टेम्प थ्री'चं काय असेल याचा अंदाज. चिमी लिहून घेत होती. तासाभराने तिने कागद फिरवून ताईपुढे ठेवला. ताईला जे सांगायला अर्धा तास लागला होता, ते चिमीने दोन ओळींत लिहिलं होतं. कुणालाही कळावं असं, नीट.

ताईच्या पोटात कळ आली. तीच, ओळखीची.

"काय झालं?" चिमीने विचारलं. "चुकलंय का कुठे?"

"नाही," ताई म्हणाली. "चांगलं लिहिलंयस. म्हणूनच दुखतंय."

चिमीने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, मग पेन तिच्या हातात दिलं. "दुखू दे. पण दुसऱ्या ओळीत रिलेचा नंबर राहिलाय का, ते बघ."

राहिला होता. ताईने तो लिहिला.